वाटसरूची जकात

आळेफाटा हे नाव मुळात गावाचं नाही. गाव आळे, फाटा म्हणजे जिथून रस्ते फुटतात ती जागा. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे कितीतरी लोकांनी आळेफाटा पाहिलेला असतो, पण ते आळेफाट्याला कधीच आलेले नसतात. एसटी थांबते, कंडक्टर "दहा मिनिटं" म्हणून ओरडतो, चहा-वडापाव होतो, गाडी सुटते.

इथे वाढलं की जाणारी माणसं आणि राहणारी माणसं यांतला फरक लहानपणीच कळतो. जाणाऱ्याला भूक असते आणि घाई असते. राहणाऱ्याला शेत असतं, दुकान असतं, आणि दिवसातून चार वेळा तोच रस्ता ओलांडायचा असतो. मी आता दोन्हीकडचा झालोय. आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि सुट्टीला घरी आलो की पहाटे सायकल काढतो. कधी ओतूर, मढ करत पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने माळशेजच्या तोंडापर्यंत. कधी जुन्नर, आपटाळे, घाटघरवरून नाणेघाट. कधी आंबेगाव तालुक्यात उतरून घोडेगाव, डिंभे आणि अंगात दम असेल तर थेट कड्यावरचं आहुपे. कुठेच माझं काही काम नसतं. ना शेत बघायचंय, ना सोयरीक, ना बाजार. फक्त चढ-उतार, झाडी, धुकं आणि चाकाचा आवाज.

या लेखात मला एकच प्रश्न सोडवून बघायचाय. ज्या रस्त्यावर माझं काही काम नाही, तिथून निव्वळ आनंदासाठी जाताना मी त्या रस्त्याचं आणि त्याच्या कडेला राहणाऱ्यांचं काही देणं लागतो का? लागत असेन, तर ते कशात मोजायचं?

रांजण

आमच्याकडे हा प्रश्न नवा नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. परंपरेने सांगितलं जातं की घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांवरून निघालेला माल या घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञ आणि दानं यांची यादी आहे, आणि त्यासोबत आकडे आहेत. ब्राह्मी अंकांचे फार जुने नमुने म्हणून अभ्यासक त्याकडे बघतात. म्हणजे आमच्या घाटमाथ्यावर दोन हजार वर्षांपासून हिशेब लिहिलेला आहे.

जकातीमागचा विचार सरळ होता. घाट कुणीतरी फोडला, पायऱ्या कुणीतरी बसवल्या, पाण्याची टाकी कुणीतरी खोदली, चोरांपासून राखण कुणीतरी केली. तू त्यातून नफा कमावणार आहेस, तेव्हा त्यातलं थोडं इथे ठेव.

आज टोलनाक्यावर सायकलवाल्याला कुणी अडवत नाही. कडेच्या फटीतून तो निघून जातो. आम्ही सायकलवाले याचा अर्थ असा लावतो की आपण कुणाचं काही लागत नाही. धूर नाही, आवाज नाही, पार्किंग नाही, रस्ता झिजवत नाही. आपण म्हणजे जणू वारा.

हे पहिलं उत्तर: मी कुणाचं नुकसान करत नाही, म्हणून मी कुणाचं देणं लागत नाही.

ऐकायला हे बरोबर वाटतं, पण देणं फक्त नुकसानीतून तयार होत नाही. तुमच्या सोसायटीतल्या कुणी तुम्हाला रोज विहिरीचं पाणी भरू दिलं आणि विहिरीचं पाणी कधी कमी झालं नाही, तरी तुम्ही त्या माणसाचं काहीतरी लागता. आपल्याला जे मिळतं त्यामागे दुसऱ्याचे कष्ट असतील, तर नुकसान शून्य असलं तरी देणं शून्य होत नाही.

देखावा कुणी केला

पावसाळ्यात आमच्या भागाचे रील निघतात. "हे स्वित्झर्लंड नाही, हे आपलं जुन्नर आहे." ड्रोन वर जातो, खाली हिरव्या पायऱ्या, निळं पाणी, मागे कडे. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून असे शब्द सरकारी फलकांवरही दिसतात. मला रील्सबद्दल तक्रार नाही. मीही बघतो. पण त्या फ्रेममध्ये 'निसर्ग' म्हणून जे दिसतं त्यातलं निसर्गाने केलेलं किती आणि माणसाने केलेलं किती, हे एकदा मोजून बघा.

हिरव्या पायऱ्या म्हणजे भाताची खाचरं. त्यांचे बांध दरवर्षी कुणीतरी हाताने दुरुस्त करतं. डोंगरउतारावरचे हिरडे कुणीतरी राखतं; पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत हिरडा वेचून विकणं हा वर्षाच्या हिशेबातला मोठा भाग आहे. आणि निळं पाणी तर पूर्णपणे माणसाने केलेलं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे. त्यांचं पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं.

डिंभ्याच्या रस्त्याने सायकल चालवताना डाव्या-उजव्या हाताला जे पाणी चमकतं, त्याच्या पोटात आंबेगाव आहे. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गावच धरणात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. त्यासोबत आदिवासी वाड्या गेल्या, भाताच्या जमिनी गेल्या. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला.

मी त्या पाण्याकडे बघून "काय व्ह्यू आहे" म्हणतो तेव्हा ते चूक नसतं. पाणी सुंदरच आहे. पण माझ्या डोळ्यांना मिळालेला हा आनंद कुणाच्या तरी घराच्या जागेवर उभा आहे, हे माहीत असणं आणि माहीत नसणं यात फरक आहे. माहीत नसेल तर मी फक्त प्रेक्षक आहे. माहीत असेल तर त्या जागेशी माझं काहीतरी नातं सुरू होतं, भले मी तिथे पाचच मिनिटं थांबलो तरी.

मिसळीचं बिल

दुसरं उत्तर जास्त व्यवहारी आहे. मी पैसे खर्च करतो. मिसळ खातो, उसाचा रस पितो, रस्त्यावर बसलेल्या आजीकडून जांभळं घेतो. गावात पैसा येतो. हिशेब पूर्ण.

हे उत्तर मला आवडतं, कारण त्यात निदान समोरचा माणूस दिसतो. आणि खर्च करावाच; पुण्यातून चार केळी आणि एनर्जी बार बांधून आणायचे आणि गावातून फक्त व्ह्यू घेऊन जायचं, यापेक्षा ते कधीही बरं. पण हिशेब पूर्ण होतो असं मला वाटत नाही. मिसळीचे पैसे मिसळीचे असतात. मिसळवाल्याने मला रस्ता विकलेला नसतो, तो त्याचा नव्हताच. ज्याच्या बांधावरून मी गेलो त्याचं हॉटेल नसतं. जी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्या बेलमुळे रस्त्याच्या कडेला सरकली, तिला त्या बिलातला एक रुपया मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. पैसे दिले की नातं संपतं, हाच पैशाचा गुण आहे. आपण उठतो, निघतो, कुणी कुणाचं लागत नाही. फाट्यावर वाढल्यामुळे मला हे नीट माहीत आहे. आमच्याकडे दिवसाला शेकडो लोक पैसे देऊन जातात आणि त्यातला एकही आम्हाला ओळखत नाही. तो धंदा आहे, त्यात वाईट काही नाही. पण जे देणं मी शोधतोय ते असं काउंटरवर फिटणारं नाही.

ज्याला निवडता येतं तो

सायकलवाल्यांत हल्ली 'ग्रॅव्हल' हा शब्द जोरात आहे. म्हणजे डांबर नसलेला, खडी-मातीचा रस्ता. त्यासाठी वेगळ्या सायकली आहेत, रुंद टायर आहेत, लाखाच्या वर किमती आहेत. आमच्याकडे असे रस्ते खूप. मला ते मनापासून आवडतात.

त्याच रस्त्याने सकाळी सहाला एक जण मोटरसायकलला दुधाच्या किटल्या लावून डेअरीकडे जातो. त्याच्यासाठी हा रस्ता ग्रॅव्हल नसतो, खराब असतो. पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली की तो आणखी खराब असतो. खडी तीच, खड्डा तोच. माझ्यासाठी तो अनुभव होतो आणि त्याच्यासाठी त्रास, कारण मी उद्या येणार नाही असं ठरवू शकतो आणि तो ठरवू शकत नाही.

बिबट्याचंही तसंच. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसाच्या शेतात बिबटे राहतात, पिल्लं घालतात, हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. बाहेरच्या सायकलवाल्याला बिबट्या म्हणजे गोष्ट: "अरे, तिकडे बिबटे आहेत म्हणे!" मी अंधार पडायच्या आत घरी परततो, बस्स. पण जिथे शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असते, तिथे पाणी द्यायला माणसाला रात्रीच उसात शिरावं लागतं. शेतकरी वर्षानुवर्षं दिवसाची वीज मागतायत, त्यात बिबट्या हे मोठं कारण आहे. संध्याकाळी शाळेतून परतणारी पोरं घोळक्याने चालतात. मोठी माणसं हातात काठी आणि मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून जातात. तुम्हाला वाटेल काय हा आवाज. ते त्यांचं हेल्मेट आहे.

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. एकाच रस्त्यावर एक जण निवडून आलेला असतो आणि दुसऱ्याला निवड नसते. मी श्रीमंत आहे आणि तो गरीब, असं नेहमीच नसतं. आमच्या भागात द्राक्षबागायतदाराची गाडी माझ्या पगारात येणार नाही. फरक पैशाचा नाही, मोकळीकीचा आहे. ज्याला मोकळीक जास्त, त्याच्यावर जबाबदारी जास्त. ही काही माझी नवी कल्पना नाही. गर्दीच्या एसटीत बसलेला माणूस उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला जागा देतो तेव्हा तो हाच हिशेब करत असतो.

तिकडचा कायदा

आता खऱ्या स्वित्झर्लंडकडे जाऊ. मी तिथे गेलेलो नाही. पण तिथल्या सायकलमार्गांचे व्हिडिओ मी इतके पाहिलेत की एमेंटालच्या टेकड्यांमधली वळणं मला पाठ आहेत. लोझानपासून रॉरशाखपर्यंत जाणारा 'हर्त्सरूट' नावाचा मार्ग असाच टेकड्या, कुरणं आणि जंगलांतून वर-खाली होत जातो. १९९८ साली तिथे नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग एकदम सुरू झाले: ऱ्होन नदीचा, ऱ्हाइनचा, आल्प्सच्या पायथ्याचा, सरोवरांचा. प्रत्येकाला नंबर, आणि देशभर एकाच पद्धतीच्या लाल पाट्या. यातले बरेचसे रस्ते नव्याने बांधलेले नव्हते. शेताकडे जाणारे, जंगलातले, दोन गावांना जोडणारे छोटे रस्ते होते, ते पाट्यांनी एकमेकांना जोडले.

मला पाट्यांपेक्षा त्यामागचे कायदे वाचताना जास्त मजा आली. १९७९ मध्ये स्विस लोकांनी मतदान करून पायवाटांना थेट राज्यघटनेत जागा दिली. २३ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मतदान झालं आणि सुमारे ७३.६ टक्के लोकांनी सायकलच्या वाटाही त्याच कलमात घातल्या. त्यावरचा कायदा २०२३ च्या सुरुवातीपासून लागू आहे. तिथल्या प्रांतांनी २०२७ अखेरपर्यंत सायकलवाटांच्या जाळ्याचं नियोजन करायचं आणि २०४२ अखेरपर्यंत ते प्रत्यक्षात आणायचं.

त्याहून जुना एक नियम आहे. तिथल्या नागरी संहितेचं ६९९ वं कलम म्हणतं की जंगलात आणि कुरणात कुणालाही जाता येईल, रानफळं आणि अळंबी वेचता येतील, पण स्थानिक प्रथेच्या मर्यादेत. म्हणजे जमीन खाजगी असली तरी केवळ फिरायला आलेल्या माणसाला आत येऊ द्यायचं.

आता आपल्याकडचं बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडवलेली वाट मोकळी करून देता येते. तालुक्याच्या कचेरीत या दोन कलमांवर किती भाऊबंदकी चालते हे गावाकडच्या कुणालाही विचारा. हा हक्क गरजेवर उभा आहे. मला माझ्या शेतात जायचंय, दुसरी वाट नाही, म्हणून दे. आनंदासाठी जाणाऱ्याचा त्यात विचार नाही, आणि जिथे एकेका गुंठ्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही तिथे तो नसणं समजण्यासारखं आहे.

मग निव्वळ आनंदावर हक्क उभा राहू शकतो का? स्विस लोकांचं उत्तर 'हो' आहे. पण हा हक्क फिरायला आलेल्यांनी स्वतःच जाहीर केलेला नाही. मतदान करणाऱ्यांत कुरणांचे मालकही होते. राहणाऱ्यांनी मिळून ठरवलं की जाणाऱ्याला येऊ द्यायचं, आणि मर्यादाही त्यांनीच घातली. आपल्याकडे असं ठरलेलं नाही. म्हणून आमच्या भागात कुणी मला बांधावरून जाऊ देतो, तेव्हा तो माझा हक्क पाळत नसतो, मला काहीतरी देत असतो.

नकाशातला एक टॅग

माझ्या धंद्याच्या जवळचं उदाहरण देतो. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे. सायकलच्या बऱ्याच ॲपना रस्ते तिथून मिळतात. त्यात प्रत्येक वाटेला 'ॲक्सेस' नावाचा टॅग लावता येतो. त्याच्या किमती: 'येस' म्हणजे सार्वजनिक हक्काची वाट. 'प्रायव्हेट' म्हणजे खाजगी. आणि तिसरी किंमत आहे 'परमिसिव्ह'. म्हणजे मालक जाऊ देतोय, पण तो उद्या नाही म्हणू शकतो.

हा तिसरा टॅग मला फार शहाणा वाटतो. परवानगी आणि हक्क यांतला फरक तो एका शब्दात सांभाळतो. आपल्याकडचा सुखाधिकाराचा कायदा, १८८२ हाही याच फरकावर चालतो: वीस वर्षं विनाअडथळा, हक्क म्हणून वापरलेली वाट हक्काची होऊ शकते, मेहेरबानीने वापरलेली होत नाही. त्यामुळे आमच्याकडचा शेतकरी वाट देताना बिचकतो, त्यात कद्रूपणा नसतो. आज दिली तर उद्या कायमची गेली, अशी उदाहरणं त्याने पाहिलेली असतात.

समजा, मी एका मळ्यातून जाणारी सुंदर वाट पकडली, मालकाने हात करून जाऊ दिलं, आणि घरी येऊन मी ती 'सीक्रेट ट्रेल' म्हणून ॲपवर टाकली. पुढच्या रविवारी वीस जण. मी तोडलं काही नाही, लुटलं काही नाही. पण त्याने मला दिलेली परवानगी मी त्याला न विचारता वीस जणांना वाटली. कायद्याच्या भाषेत हा गुन्हा नसेल, साध्या भाषेत मात्र ही आगाऊ वागणूक आहे.

कालव्याची वाट

आता अवघड भाग. कालव्याच्या कडेने जाणाऱ्या मातीच्या वाटा आमच्याकडे आहेत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, वर बाभळी. सायकलसाठी याहून चांगली जागा नाही. अशा वाटेचं डांबरीकरण किंवा काँक्रीट व्हावं अशी गावाची मागणी असते. राज्याची 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते' योजना २०२१ मध्ये आली ती अशाच मागणीतून. ऊस आणि टोमॅटो बांधावरून बाहेर काढायला पावसाळ्यात टिकेल असा रस्ता हवा, हे खरंच आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सकाळी वेळेवर क्रेट पोचले नाहीत तर भाव जातो.

मला ती वाट मातीची राहावी असं वाटतं. या वाटण्याला किंमत किती?

एका पातळीवर माझं उत्तर कडक आहे. जिथे माझी आवड आणि त्यांची गरज समोरासमोर आहेत, तिथे माझ्या आवडीला मत नाही. दुसऱ्याच्या चिखलात मला सौंदर्य दिसतं म्हणून त्याने चिखलात राहावं, असं म्हणणं लाजिरवाणं आहे. 'गावाचं गावपण' जपायचा आग्रह बहुतेक वेळा गाव सोडलेल्यांचाच असतो, आणि मी त्यांत मोडतो, म्हणून मला हे स्पष्ट म्हणणं भाग आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. रस्ता गुळगुळीत झाला की त्यावरून फक्त टोमॅटो जात नाहीत, वेग जातो. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागे रिफ्लेक्टर नसताना जातो, शॉर्टकट सापडलेली पिकअप जाते. ज्या वाटेवर म्हातारी शेळ्या घेऊन बसायची, पोरं सायकल शिकायची, तिथे आता कडेला सरकून उभं राहावं लागतं. म्हणजे राहणाऱ्यांची गरज एकच नसते. क्रेटवाल्याला वेग हवा असतो. शेळीवाल्या म्हातारीला आणि शाळेच्या पोरीला हळूपणा हवा असतो. गावच्या मागणीपत्रावर पहिल्याची सही असते, बाकी दोघींची सहसा नसते.

स्विस पायवाटांच्या १९८५ च्या कायद्यात याच प्रसंगासाठी तरतूद आहे. वाट वाहतुकीखाली गेली, किंवा लांब अंतरावर चालणाऱ्याला गैरसोयीचं असं पक्कं आवरण तिच्यावर घातलं, तर तिच्या बदल्यात दुसरी वाट द्यायची. डांबराला त्यांनी बंदी घातली नाही. एवढंच म्हटलं की वेगवान रस्ता करताना हळू माणसाची वाट मोडली, तर ती मोडली हे मान्य करा आणि भरपाई करा.

सायकलवाल्याला बोलायला जागा असेल तर ती इथे आहे. त्याची आवड आणि त्या दोघींची गरज एका मुद्द्यावर जुळतात. माती राहू दे असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण रस्ता करताना कडेला चार फूट चालायला ठेवा, शाळेजवळ गतिरोधक घाला, महामार्गाला शोल्डर सलग ठेवा आणि त्यावर ट्रक उभे करू नका, हे मी म्हणू शकतो, कारण हे मागताना मी फक्त स्वतःसाठी मागत नाही. आणि मला अर्ज करता येतो, तक्रारीच्या पोर्टलवर फोटो टाकता येतो, आराखड्याची पीडीएफ वाचता येते. शिक्षणाने दिलेली ही ताकद रविवारी हेल्मेटसोबत घरी ठेवायचं कारण नाही.

केवढ्याला घेतली?

गावात सायकल थांबवली की पहिला प्रश्न ठरलेला. "दादा, केवढ्याला घेतली?" दुसरा, "एवढ्यात तर गाडी आली असती की!" मग कुणीतरी वयस्कर, "कुणाचा रे तू? आळ्यात कुणाचा?" सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये या प्रश्नांवर विनोद चालतात. मला मात्र हळूहळू वाटू लागलंय की नाणेघाटातला रांजण आता या प्रश्नांत आहे.

गाडीवाल्याला हे कुणी विचारत नाही. काच वर असते, वेग ऐंशीचा असतो. सायकलचा वेग पंधरा-वीस. एवढ्या वेगात तुम्हाला हाक मारता येते, अडवता येतं, प्रश्न विचारता येतो. "कुणाचा रे तू" या प्रश्नाचा अर्थ असा की तू आमच्या दारावरून चाललायस, तेव्हा तू कोण हे कळायचा आम्हाला हक्क आहे. या हक्काला मान देणं, पाय टेकवणं, किंमत विचारली तर खरी सांगणं, नाव-गाव सांगणं, आणि त्यानंतर "एवढे पैसे सायकलीत घालून काय मिळतं तुला?" या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न करणं, ही माझ्या मते जकातीची पहिली नाणी आहेत. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठं. सरासरी वेग बिघडतो. ॲपवरचा आलेख खाली येतो. जकात म्हटल्यावर काहीतरी कमी व्हायलाच हवं ना!

आळ्यात एक समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची. परंपरा अशी की पैठणहून परतताना तो रेडा या भावंडांसोबत चालत आला, इथे त्याने देह ठेवला आणि इथेच त्याला समाधी दिली. कथेवर श्रद्धा ठेवा किंवा ठेवू नका. तिच्यातली माणसं आळ्याची नव्हती, वाटसरू होती, त्यांना पुढे जायचं होतं. सोबत चालणारा थांबला, तर तेही थांबले.

माझा हिशेब असा आहे. आनंदासाठी रस्त्यावर यायला कुणाची माफी मागायची गरज नाही. आनंद हे पुरेसं कारण आहे, आणि ज्यांना रस्त्यावर आनंद मिळतो तेच बहुधा तो रस्ता वाचवायला उभे राहतात. पण जोवर राहणाऱ्यांनी मिळून तो हक्क दिलेला नाही, तोवर तो आनंद दान आहे असं धरून चालावं. दान घेणाऱ्याने विचारल्यावर उत्तर द्यावं, मिळालेली परवानगी परस्पर वाटू नये, दुसऱ्याच्या त्रासाला देखावा म्हणू नये, आणि जिथे आपली आवड कडेने चालणाऱ्यांच्या गरजेशी जुळते तिथे त्यांच्या बाजूने कागद लिहावा. माझ्या रोजच्या कामात आम्ही दुसऱ्याने लिहिलेलं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यातला एखादा दोष दिसला तर दुरुस्त करून परत पाठवायची रीत आहे. सक्ती नाही, पण जो कधीच काही परत पाठवत नाही त्याला सगळे ओळखून असतात.

पुढच्या सुट्टीला तुम्ही आमच्या बाजूला सायकल घेऊन आलात तर या. ओतूरवरून माळशेजकडे जा, किंवा जुन्नरवरून नाणेघाटला. महामार्गावर शोल्डर जिथे तुटतो तिथे जपून, आणि तो नेमका कुठे तुटतो याचा फोटो काढून ठेवा, अर्जाला लागतो. उसाच्या पट्ट्यातून अंधाराच्या आत बाहेर पडा. आणि कुणी किंमत विचारली तर थांबून सांगा.